दारूची फाईल वेगळी, लिव्हरची वेगळी, मनाची वेगळी: हे आता थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२६ जून आला की आपल्याकडं अमली पदार्थ विरोधी दिनाच्या रॅल्या निघतात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेतली पोरं शपथ घेतात, ३१ डिसेंबरला चौकात 'दारू नको दूध प्या' म्हणून दूध वाटतात आणि सगळ्याच्या बातम्या फोटोसकट छापून येतात. त्याला माझा अजिबात विरोध नाही, पोरांच्या कानावर चार चांगल्या गोष्टी पडतात. पण ज्याला दारू आधीच लागलीये, ज्याचं लिव्हर सुजलंय, ज्याला रात्र रात्र झोप नाही आणि डोक्यात नको ते विचार येतायत, त्या माणसाला घरच्यांनी उद्या सकाळी कुठल्या दारात नेऊन उभं करायचं हे कुठंच छापून येत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. लांब झालंय, पण शक्यतो कापू नका.

मी फार्मसिस्ट आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात सरकारी दवाखान्यासमोर आमचं मेडिकल आहे, बरीच वर्षं झाली. मेडिकलवाल्याला एक गोष्ट दिसते जी डॉक्टरांना सहसा दिसत नाही, ती म्हणजे एकाच माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या. पोटाच्या डॉक्टरांची वेगळी, डोक्याच्या डॉक्टरांची वेगळी, व्यसनमुक्ती केंद्रातून लिहून दिलेली वेगळी, शुगर-बीपीची वेगळी, आणि सगळ्या येतात एकाच काउंटरवर. त्यातल्या एकाही चिठ्ठीला दुसरीचा पत्ता नसतो.

एक उदाहरण सांगते. टेम्पो चालवणारा चाळिशीच्या आतला माणूस, त्याची बायको चिठ्ठी घेऊन आली, त्यावर डायसल्फिराम लिहिलेलं. म्हणजे ती गोळी चालू असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं, ती. चिठ्ठी एका खाजगी दवाखान्यातली, दारू सोडवण्यासाठी. गोळ्या काढता काढता मी विचारलं अजून काय औषधं चालू आहेत का त्यांना, तर म्हणाली, "हायत की, समोरच्या दवाखान्यातनं टीबीच्या मिळत्यात," आणि पिशवीतनं पाकीट काढून दाखवलं. टीबीच्या त्या गोळीत आयसोनियाझिड असतं. आयसोनियाझिड आणि डायसल्फिराम एकत्र गेलं तर माणसाचा चालताना तोल जाऊ शकतो, वागणं-बोलणं बिघडू शकतं, वर दोन्ही औषधं लिव्हरला त्रास देऊ शकणारी आणि लिव्हर आधीच दारूनं खाल्लेलं. हे काही गुपित नाहीये, फार्मसीच्या पुस्तकात आहे. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला, ते भले माणूस, म्हणाले देऊ नका, मला टीबीचं कोणी बोललंच नाही, पाठवा त्यांना परत. तिकडं टीबीच्या सुपरवायझरला पेशंट पितो हे माहीत होतं, पण दारूची गोळी चालू होणार आहे हे त्याच्या कानावर कुठून जाणार. दोघंही आपापलं काम नीट करत होते. पण दोघांच्या मधे कोणीच नव्हतं, आणि त्या बाईनं पिशवी उघडली नसती तर पुढं काय झालं असतं ते मला सांगवत नाही.

आणि ही काही हजारात एखादी केस नाही. जास्त दारू पिणाऱ्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण तिप्पट असतो असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, म्हणजे हे दोन आजार एकाच माणसात भेटणार हे आधीच माहीत आहे की. मग टीबीच्या कार्डावर 'पितो' असं लिहून पुढं काय करायचं ह्याची सोय त्याच इमारतीत नको का?

त्याहून जास्त वेळा दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. पेशंटला सगळेच दटावतात की गोळ्या चालू असताना प्यायची नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पिणारा माणूस ह्याचा अर्थ उलटा लावतो, की आज प्यायची आहे तर आज गोळी नको. बीपीची गोळी बुडते, शुगरची बुडते, फिटची बुडते, टीबीची बुडते, आठवड्याच्या बाजारादिवशी आणि पगार झाला की हमखास बुडते. फिटची गोळी बुडाली आणि दारू झाली की फिट येणार, ती आली की घरचे म्हणणार औषधाचा उपयोग नाही. डॉक्टर डोस वाढवतात कारण त्यांना वाटतं गोळी चालू आहे. मी काउंटरवर बघते की महिन्याचं पाकीट दीड महिना पुरतंय, मला समजतं, पण माझ्याकडं हे लिहायला कुठली जागाच नाही. पेशंटच्या हातात सगळ्यांचा मिळून एकच कागद असता तर मी त्यावर दोन शब्द लिहिले असते.

आता बायकांचं. दर काही दिवसांनी एखादी बाई येते, दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघून, आणि हळूच विचारते ताई ती भाजीत घालायची गोळी आहे का, नवऱ्याला कळू न देता द्यायची. भिंतीवर जाहिराती रंगवलेल्या असतात, मोबाईलवर पण येतात, 'न सांगता दारू सोडवा'. त्या पावडरीत काय असतं कोणालाच माहीत नाही, आणि डायसल्फिरामच असेल तर ज्याला माहीतच नाही की आपल्या पोटात काय गेलंय तो नेहमीसारखा पिणार, आणि हार्टचा त्रास असेल तर जिवावर बेतणार. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, त्या बाईला बसवून समजावते. पण तिचा पुढचा प्रश्न असतो, मग जाऊ कुठं? आणि तिथं माझ्याकडं एका वाक्यात देता येईल असं उत्तर नसतं, हे मला फार लागतं. कारण खरं उत्तर असं आहे की आधी लिव्हर बघायला एकीकडं जा, मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटायला जिल्ह्याला जा, ॲडमिट करायचं तर केंद्र अजून तिसरीकडं, आणि तिघांनी एकमेकांकडं पाठवलं तर परत पहिल्यापासून. नवरा एक दिवस कसाबसा तयार झालेला असतो, बहुतेक रात्री भांडण होऊन सकाळी पश्चात्ताप झालेला असतो तेव्हा, तो तयारपणा दुपारपर्यंत टिकतो. एसटीच्या दोन गाड्या बदलून जाईपर्यंत नाही टिकत.

ही जी टोलवाटोलवी आहे ती शिकलेल्या घरातसुद्धा चालते. केंद्रवाले म्हणतात ह्याला मानसिक आजार आहे, आमच्याकडं त्याची सोय नाही, आधी तो बरा करून आणा. मानसोपचारवाले म्हणतात आधी दारू थांबवा, मग डिप्रेशनचं बघू. फिजिशियन कावीळ उतरवून घरी सोडतात, कागदावर 'मद्यपान टाळावे' लिहितात आणि त्यांच्या बाजूनं विषय संपला. डिप्रेशनमुळं दारू की दारूमुळं डिप्रेशन हे ठरवायला महिना दोन महिने दारूशिवाय गेल्यावर डॉक्टरांना बघावं लागतं, काहींची उदासी दारू थांबल्यावर काही आठवड्यांत आपोआप कमी होते, काहींची नाही होत, हे खरं आहे. पण हे बघण्यासाठी माणूस नजरेसमोर ठेवायला लागतो, दारातून परत पाठवून कसं कळणार? आणि ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की आत्महत्येचा धोका वाढतो, हे आपल्या शेतकरी भागात मी वेगळं सांगायला पाहिजे असं नाही.

दारू एकदम बंद करणं हा स्वतःच शरीराचा आजार आहे हे पण लोकांना माहीत नाही. रोज पिणाऱ्यानं अचानक थांबवली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम, उलट्या, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं, माणूस घरच्यांना ओळखत नाही. ह्यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. आमच्या भागात ह्याला बाहेरचं झालंय म्हणतात आणि देवऋषाकडं नेतात, आणि सगळ्यात मोलाचे दोन दिवस अंगारा लावण्यात जातात. ह्याला क्लोरडायझेपॉक्साईड, डायझेपाम, लिव्हर फारच खराब असेल तर लोराझेपाम अशी औषधं आहेत, मोजून मापून कमी करत न्यायची असतात, आणि सोबत बी-१ म्हणजे थायमिन द्यायलाच लागतं. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि थायमिन दिलं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन काही महागडी गोष्ट नाही हो. अडचण पैशाची नाही, समोरचा माणूस रोज पितो हे त्या वेळी तिथं कोणाला तरी माहीत असण्याची आहे.

आणि हे माहीत का होत नाही ते सांगते, कारण ह्याच्यावर कोणी बोलत नाही. आमच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईकाचा मुलगा गाडीवरनं पडला, मांडीचं हाड मोडलं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, छान झालं. तिसऱ्या रात्री पोरगा उठून बसला, सलाईन ओढून टाकलं, नर्सवर धावून गेला, मोडलेल्या पायावर उभा राहायला बघत होता. चौघांनी धरून चादरीनं कॉटला बांधला. डॉक्टर सोडियम बघतायत, डोक्याचं स्कॅन करतायत, आई बाहेर रडतेय. पोरगा रोज क्वार्टर-दोन क्वार्टर घ्यायचा हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. भरतीच्या वेळी विचारल्यावर घरच्यांनी मुद्दाम 'काही व्यसन नाही' सांगितलं, कारण ओळखीच्या एकानं कानात सांगितलं होतं की दारूचं नाव कागदावर आलं तर मेडिक्लेम मिळत नाही.

आणि त्या ओळखीच्या माणसाचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, हेच तर दुखणं आहे. तुमची हेल्थ पॉलिसी काढून बघा. विमा नियामकानं २०१९ मध्ये कुठले आजार वगळता येतात त्याची ठरावीक यादी केली, त्यात १२ नंबरला, पॉलिसीत 'एक्सल-१२' असा कोड छापलेला असतो, दारू, ड्रग्ज किंवा कुठल्याही व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम असं आहे. परिणाम! म्हणजे लिव्हर पण आलं, स्वादुपिंड पण आलं. आणि दुसरीकडं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २०१८ च्या मे पासून लागू आहे, त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत, आणि त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं की विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. मग संसदेचा कायदा एक सांगतो आणि पॉलिसीचा कागद दुसरं, हे कसं चालतं? मी वकील नाही, ह्यावर जाणकारांनी तुमच्या पेपरात लिहावं अशी माझी मनापासून विनंती आहे. मला एवढंच दिसतं की ह्या एका ओळीमुळं लोक डॉक्टरांशी खोटं बोलतात, आणि खोटं बोलल्यामुळं पेशंट तिसऱ्या रात्री चादरीनं बांधलेला सापडतो.

तंबाखूचं तर कोणी व्यसनात धरतच नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात मोठ्या माणसांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, गुटखाबंदी २०१२ पासून असूनसुद्धा. तंबाखू मळता मळताच माणूस शुगरची औषधं मागतो, तोंड उघडत नाही म्हणून तक्रार करतो, आणि मधे कोणी त्याला सोडायला मदत करत नाही, नुसतं सोडा म्हणतात. ह्यातली एक बारीक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, सिगारेट-बिडीच्या धुरामुळं काही मानसिक आजाराची औषधं, जसं ओलान्झापिन आणि क्लोझापिन, शरीरातून लवकर निघून जातात. पेशंटनं बिडी अचानक सोडली तर तोच डोस रक्तात जास्त व्हायला लागतो, माणूस गुंगीत राहतो, आणि घरचे म्हणतात बिडी सोडल्यापासनं बिघडला. चांगली गोष्ट केली आणि त्रास झाला! बिडी सोडवणारा आणि डोक्याची औषधं देणारा एकमेकांशी बोलले असते तर डोस कमी करून प्रश्न मिटला असता.

आणि बायकांचं व्यसन कोणी बघतच नाही. मिश्री तर घराघरात आहे, पण झोपेच्या गोळीचं काय? अल्प्राझोलाम कधीतरी कोणीतरी दहा दिवसांसाठी लिहिलेली असते, पाच वर्षांनी तीच जुनी चिठ्ठी घेऊन बाई दुकानात येते, कागद घडीवर फाटलेला, तारीख पुसलेली. ह्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कायद्यानं जास्त कडक नियम लावलेल्या औषधांच्या यादीत आहेत, आम्हाला वेगळ्या रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या हे सगळं लिहायला लागतं, आणि मी जुन्या चिठ्ठीवर देत नाही. पण नुसतं नाही म्हणून ती बाई सुटत नाही, ती दुसऱ्या दुकानात जाते, किंवा एकदम बंद करते आणि मग दारूसारखाच त्रास होतो, फिटसुद्धा येऊ शकते. तिला झोप का लागत नाही हे पाच वर्षांत कोणी विचारलंय? घरात काय चाललंय, कंबर दुखते का, पाळी जायचं वय आहे का, थायरॉईड बघितलंय का? हे सगळं एकाच वेळी विचारणारं कोणीतरी पाहिजे ना. व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की ती आयुष्यात तिथं पाऊल ठेवणार नाही, गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. पण समोरच्या दवाखान्यात, ज्या ओपीडीत ती बीपी तपासायला जाते तिथंच, ती बोलेल. मला बोलते तर तिथं का नाही बोलणार?

बरं हे काही मी नवीन सांगत नाहीये. आपल्या पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच, आणि सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या, पु. ल. देशपांड्यांची देणगी त्यामागं होती. म्हणजे व्यसन हा मनाचा आणि शरीराचा आजार म्हणून एकत्र बघायचा हा विचार आपल्याकडं जवळजवळ चाळीस वर्षं आहे. तो तालुक्याला पोचला नाही एवढंच. गावोगावी जी खाजगी केंद्रं निघालीयत त्यातल्या काही ठिकाणी एमबीबीएस डॉक्टरसुद्धा रोज येत नाहीत, डोक्याच्या गोळ्या 'ही पण नशाच' म्हणून बंद करायला लावतात, आणि कुठं कुठं मारहाण, कोंडून ठेवणं चालतं. ज्या पेशंटला बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाची उदासी तर कधी टोकाचा उत्साह येणारा आजार, त्याच्या गोळ्या अशा बंद केल्यावर काय होतं ते घरच्यांना विचारा. चांगली केंद्रं पण आहेत, जीव ओतून काम करणारी माणसं आहेत, स्वतः बरे झालेले लोक दुसऱ्यांना बरं करतात, एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंगा फुकट चालतात आणि कितीतरी घरं त्यांनी वाचवली. मी ह्यातल्या कोणाचंच श्रेय काढून घेत नाही. त्यांच्या शेजारी डॉक्टर पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि गोव्यात तर हे करून बघितलंय. संगाथ नावाच्या संस्थेनं तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे जिथं लोक ताप-खोकल्याला जातात तिथंच, येणाऱ्या पुरुषांना पिण्याबद्दल विचारलं, आणि ज्यांचं पिणं धोक्याच्या पातळीवर गेलं होतं अशा ३७७ जणांवर अभ्यास केला. अर्ध्यांना नेहमीचीच सेवा थोडी सुधारून, आणि अर्ध्यांना त्यासोबत एका प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकाच्या जास्तीत जास्त चार बैठका. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते. तीन महिन्यांनी पिणं धोक्याच्या पातळीखाली आलेले समुपदेशनवाल्या गटात ३६ टक्के, दुसऱ्या गटात २६. आणि शेवटचे चौदा दिवस अजिबात न प्यायलेले ४२ टक्के विरुद्ध १८. हे २०१७ ला लॅन्सेट ह्या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आलंय. हे पूर्ण व्यसन जडलेल्यांसाठी नव्हतं, त्यांना डॉक्टर आणि औषध लागतंच, पण पिणारा माणूस त्या टोकाला जायच्या आधी, लिव्हर जायच्या आधी, साध्या सरकारी दवाखान्यात थांबवता येतो हे त्यातनं दिसतं. गोवा काही परदेश नाही, सावंतवाडीच्या पलीकडं तर आहे.

आणि विचारायचं काम आपल्याकडं अर्धं झालेलंच आहे! आशाताई तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा घरी येऊन जो फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला, त्यात तंबाखू घेता का, रोज दारू घेता का, कंबरेचा घेर किती, घरात कोणाला बीपी-शुगर हे सगळं असतं, आणि मन उदास वाटतं का, कशात रस वाटत नाही का हे दोन प्रश्न पण असतात. म्हणजे शरीर, मन, व्यसन तिन्ही एकाच कागदावर, तेही उंबऱ्यावर. मग पुढं काय होतं? बीपी-शुगरवाल्याला उपकेंद्रात बोलावतात. 'रोज घेतो' आणि 'उदास वाटतं' अशी खूण ज्याच्या फॉर्मवर आहे त्याला कोण बोलावतं? आमच्या भागात तरी मी कोणाला बोलावलेलं ऐकलं नाही. दिल्लीच्या एम्सच्या व्यसन उपचार केंद्रानं २०१९ ला देशभरच्या पाहणीचा अहवाल दिला त्यात होतं की दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ आमच्यासारख्यांच्या दुकानात येऊन ॲसिडिटीच्या, झोपेच्या, हातपाय दुखायच्या गोळ्या मागत असतात.

सरकारात हा विषय दोन घरचा पाहुणा झालाय. केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय खात्याकडून, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आरोग्य खात्याकडं. हेल्पलाईनसुद्धा दोन, व्यसनासाठी १४४४६ आणि मनासाठी टेलिमानस १४४१६, आणि घाबरलेली बाई रात्री कुठला लावणार? (दोन्ही नंबर कृपया ठळक छापा, फुकट आहेत.) मला खात्यांची भांडणं सोडवायची नाहीत. पण पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी साहेबांना एवढं सांगायचंय की प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक ठरलेला वार असा ठेवा की त्या दिवशी जिल्ह्याचे मानसोपचार डॉक्टर, तिथले फिजिशियन किंवा मेडिकल ऑफिसर, आणि एक समुपदेशक शेजारी शेजारी बसतील. डॉक्टर दर आठवड्याला येऊ शकत नसतील तर व्हिडिओवर बसू द्या, पण समुपदेशक रोज पाहिजे, कारण माणूस तयार होतो तो कुठल्या वारी होईल सांगता येत नाही. पेशंटकडं एकच वही असू दे, टीबीचं, शुगरचं, लिव्हरचं, मनाचं सगळं त्यातच लिहायचं आणि आम्ही मेडिकलवाल्यांनी पण त्यातच लिहायचं काय दिलं. वहीवर 'व्यसनमुक्ती' असं मोठ्या अक्षरात छापू नका, साधी आरोग्याची वही ठेवा, नाहीतर बायका आणायच्या नाहीत. दारू सोडण्याच्या पहिल्या आठवड्यासाठी दोन-चार कॉट आणि थायमिन, लोराझेपाम कायम स्टॉकला असू द्या, संपलं की बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी नको. ही औषधं विकून मला पैसे मिळतात तरी सांगतेय. भरती होणाऱ्या प्रत्येकाला, हाड मोडलं म्हणून आला असला तरी, पिण्याबद्दल एकट्याला बाजूला घेऊन विचारा, नातेवाईकांच्या घोळक्यात नको, आणि ह्यामुळं तुझा क्लेम जाणार नाही असं त्याला छातीठोकपणे सांगता येईल असं काहीतरी विमा कंपन्यांकडून करून घ्या. आणि सोडल्यानंतर पहिले काही महिने कोणीतरी घरी फोन केला पाहिजे, कारण परत सुरू झाली तर लोक लाजेनं दवाखान्यात येत नाहीत. शुगर वाढली म्हणून कोणी पेशंटला ओरडून हाकलतं का? औषध बदलतात, परत बोलावतात. मग ह्याला का हाकलायचं?

आमच्या तालुक्यापुरतं विचाराल तर जागेची अडचण नाही, एक खोली नुसती जुन्या कपाटांनी भरलेली आहे, ती मोकळी करायला आम्ही दुकानदार मंडळी मदत करू. वार कुठला ते डॉक्टरांनी ठरवावं, फक्त बाजाराचा दिवस धरला तर बरं होईल, त्या दिवशी खेड्यावरच्या एसट्या जास्त असतात आणि दवाखान्यात गेलं तरी बाजाराला गेली होती म्हणून सांगता येतं.

आपली,
एक मेडिकल दुकानदार, जि. सांगली
(नाव छापू नये ही विनंती, इथं येणाऱ्या पेशंटची ओळख पटू नये म्हणून)